कॅमेऱ्याची सॅक: दिसायला कशी असावी, पाठीवर कशी बसावी?

आडवाट्या (डोंबिवली)
मंडळी, नवी कॅमेरा सॅक घ्यायची आहे. जुनीच्या खांदापट्ट्याची शिवण सुटत चालली आहे आणि पावसाळा तोंडावर आलाय. दुकानांत आणि ऑनलाइन इतक्या सॅक पाहिल्या की डोकं भणाणलं, म्हणून इथे विचारतो.

सामान असं आहे: सोनी ए७ मार्क ४ कॅमेरा (६५८ ग्रॅम), २४-१०५ मिमीची लेन्स (६६३ ग्रॅम), २००-६०० मिमीची मोठी लेन्स (२११५ ग्रॅम) आणि ३५ मिमीची एक छोटी लेन्स. म्हणजे नुसती यंत्रंच पावणेचार किलोच्या घरात. त्यावर पाणी, डबा, रेनकोट, बॅटऱ्या, कधीमधी ट्रायपॉड. शनिवारी लोकलने मुंबईत जातो आणि भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट, बाणगंगा असं फिरत रस्त्यावरचे फोटो काढतो. पावसाळ्यात किल्ले, हिवाळ्यात भिगवण, वर्षातून एखादा विमानप्रवास.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सॅकमध्ये कॅमेरा आहे हे लांबून कळता कामा नये. दिसण्याचा मुद्दा काढला की लोकांना तो नखरा वाटतो, पण मला तो सोयीचाच भाग वाटतो. चौकोनी काळी पेटी आणि तिच्यावर कंपनीचं ठसठशीत नाव पाठीवर असलं, की कॅमेरा बाहेर यायच्या आधीच समोरचा माणूस सावरून बसतो. मग हवा तो फोटो मिळत नाही. शिवाय गर्दीच्या फलाटावर 'आत दोन-तीन लाखांचा माल आहे' असा फलक लावून कशाला फिरायचं?

अडचण अशी, की ज्या सॅक साध्या दिसतात त्या बहुतेक ऑफिसला न्यायच्या. त्यांना नीट कंबरपट्टा नसतो, आणि २००-६०० घेऊन गड चढायचा तर कंबरपट्ट्यावाचून खांदे मोडतात. तुम्ही यातून काय मार्ग काढलात?

पाऊलखुणा
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझाही हाच प्रश्न आहे.

सह्यभटक (पुणे)
आडवाट्या, दिसण्याचं नंतर बघू. आधी पाठीचं माप घ्या.

मान पुढे झुकवली की मागे एक हाड टोचतं. तिथपासून खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर हात ठेवल्यावर अंगठे पाठीवर जिथे येतात तिथपर्यंत टेप लावा. ही तुमच्या धडाची लांबी. सॅक या मापाची हवी. उंचीवर जाऊ नका, सहा फुटी माणसाचं धडही आखूड असू शकतं. माप जमलं की कंबरपट्टा पोटावर न येता नेमका त्या हाडांवर बसतो आणि वजनाचा मोठा वाटा कमरेवर उतरतो. खांदापट्ट्यांनी फक्त सॅक मागे कलू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम.

कॅमेरा सॅक करणाऱ्यांत ट्रेकिंगच्या घराण्यातून आलेले आहेत आणि पेटीच्या घराण्यातून आलेलेही. लोवेप्रोचा ग्रेग लो मुळात गिर्यारोहक. १९६७ मध्ये त्याने आतून चौकट असलेली सॅक केली, तोवर चौकट बाहेर असायची. आजही सॅक हातात घेतल्यावर ती पाठीचा विचार करून केली आहे की कप्प्यांचा, हे कळतं. पाठीला चौकट नाही आणि कप्पे मात्र बावीस, अशी सॅक चढणीवर छळते.

भरताना मोठी लेन्स पाठीला अगदी चिकटून, खांद्यांच्या पात्यांदरम्यान येईल अशी ठेवा. कातळटप्पा असेल तर थोडी खाली. हरिहरसारख्या पायऱ्यांवर ट्रायपॉड बाजूला लटकवला तर एकीकडे ओढ बसते आणि तो कातळाला घासतो, त्यामुळे तो मागे मधोमध बांधायचा.

चौघडा (कोल्हापूर)
साध्या दिसणाऱ्या सॅकची दुसरी बाजू मी सांगतो. आम्ही लग्नं करतो, म्हणजे लग्नांचे फोटो. एका लग्नात माझी सॅक अगदी साधी, राखाडी, कॉलेजच्या पोराची वाटावी अशी होती. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवली. बिदाईच्या गडबडीत वरपक्षाच्या पाहुण्यांनी आहेर, फराळाचे डबे आणि माझी सॅक असं सगळं टेम्पोत भरलं आणि गाडी सांगलीच्या रस्त्याला! दोन बॉडी (लेन्सशिवायचे नुसते कॅमेरे), तीन लेन्स आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळपासूनच्या फोटोंची मेमरी कार्डं तिच्यात होती. फोनाफोनी करून जयसिंगपुरात टेम्पो थांबवला. माणसं चांगली होती, सॅकबरोबर बुंदीचे लाडू पण दिले.

तेव्हापासून कार्डं खिशात आणि सॅकच्या हँडलला भगव्या कापडाची मोठी पट्टी. रस्त्यावर दिसू नये हे बरोबर, पण कार्यालयात लांबनं ओळखू आली पाहिजे. काम बघून ठरवा.

पाऊलखुणा
चौघडाभाऊ, लाडू कसे होते ते राहिलं!

चौघडा (कोल्हापूर)
लई भारी. निम्मे टेम्पोवाल्याला दिले.

बातमीदार
वर्तमानपत्रासाठी बरीच वर्षं फोटो काढले, त्या अनुभवावरून सांगतो. रस्त्यावरच्या कामाला पाठीवरची सॅकच मला पटत नाही. फोटो समोर घडत असतो आणि लेन्स मागे असते. सॅक उतरवा, चेन उघडा, तोवर मोर्चा पुढे गेलेला.

जिम डोम्के हा 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या दैनिकाचा छायाचित्रकार. १९७०च्या दशकात त्याने याच गरजेतून कॅनव्हासची मऊ, खांद्याला लटकवायची बॅग केली. तीच 'डोम्के एफ-२'. आत गादीचा फार बडेजाव नाही, अंगाला चिकटून राहते, हात घातला की लेन्स. इंग्लंडच्या बिलिंगहॅमने तर १९७३ मध्ये मासे पकडायला जाणाऱ्यांसाठी बॅगा करायला घेतल्या होत्या, पुढे फोटोग्राफरांनीच त्या उचलल्या. गंमत अशी की या दोन्ही बॅगा कॅमेऱ्याच्या वाटत नाहीत आणि अजून विकल्या जातात.

आडवाट्या, तुमचं शनिवारचं काम आणि पावसाळी किल्ले ही दोन वेगळी कामं आहेत. एका सॅकमध्ये दोन्ही बसवायचा हट्ट सोडा. शनिवारी २००-६०० घरी ठेवा. बॉडी आणि ३५ मिमी, बस. त्याला शबनमही पुरते.

रानजाई (सातारा)
सह्यभटक यांनी पाठीचं माप सांगितलं ते अगदी योग्य, पण त्यात एक भर घालते. बहुतेक कॅमेरा सॅक पुरुषांच्या पाठी समोर ठेवून केलेल्या असतात. माझं धड आखूड आहे, त्यामुळे अशा सॅकचा कंबरपट्टा माझ्या मांड्यांवर येतो. खांदापट्टे सरळ आणि एकमेकांपासून लांब, ते काखेत कापतात. छातीवरचा पट्टा तर नको त्या जागीच येतो. दुकानदार म्हणतात, 'मॅडम, लहान साइज घ्या.' लहान म्हणजे कमी लिटरची, आखूड पाठीची नव्हे! माझी लेन्स काही लहान होत नाही.

शिमोडासारख्या कंपन्या आता बायकांसाठी वेगळे खांदापट्टे देतात आणि पाठीची लांबी कमीजास्त करता येते. महाग आहेत, पण दिवसभर कास पठारावर फिरून संध्याकाळी मान अवघडत नाही याची किंमत मला माहीत आहे. जिला ते परवडत नाही तिने ट्रेकिंगची बायकांसाठीची सॅक घ्यावी आणि आत कॅमेऱ्याचा गादीचा इन्सर्ट, म्हणजे कप्पे असलेली सुटी मऊ पेटी, टाकावा.

कासचा विषय निघालाच आहे तर सांगते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात कास आलं आणि गर्दी वाढली. पायवाट सोडून सॅक फुलांवर आपटणारे लोक बघून जीव तुटतो. उघडण्यासाठी जमिनीवर आडवी पसरावी लागते अशी सॅक तिथे नकोच. बाजूने उघडणारी सॅक एका खांद्यावरून पुढे ओढली की लेन्स हाताशी येते, खाली ठेवायची गरज नाही.

आडवाट्या (डोंबिवली)
धन्यवाद मंडळी. बातमीदार काका, दोन कामं वेगळी आहेत हे पटलं, पण दोन सॅकचं बजेट घरी पटवणं अवघड आहे. रानजाईताई, बाजूने उघडणारी सॅक माझ्याही मनात आहे. पण लोकलमध्ये बाजूची चेन धोक्याची नाही का? पाठीकडून उघडणारी, म्हणजे लोवेप्रो फ्लिपसाइडच्या धर्तीची, घेतली तर सॅक पाठीवर असेपर्यंत कुणाला उघडताच येणार नाही.

लोकलकर
लोकलमध्ये सॅक पाठीवर ठेवतंय कोण? पोटावर घ्यायची, नाहीतर रॅकवर टाकायची. पाठीवर ठेवलीत तर ठाण्याच्या आतच डबा शिव्या घालेल. पोटावर घेतली की कुठूनही उघडणारी असो, चेन तुमच्या नाकासमोर. त्यामुळे लोकलसाठी वेगळं काही बघू नका, फक्त जाडी बघा. फुगीर सॅक पोटावर घेऊन दादरला उतरून दाखवा, मग बोलू.

कोकणकडा
पाठीकडून उघडणाऱ्या सॅकबद्दल पावसाळ्यापुरतं माझं मत वेगळं आहे. चिखलात ती पुढच्या अंगावर पडते, पाठीची बाजू स्वच्छ राहते, हा फायदा खरा. पण घाम पाठीवरच येतो आणि चेनही तिथेच.

आता रेनकव्हरविषयी. रेनकव्हर सॅकच्या तीन बाजू आणि माथा झाकतं. पाठीची बाजू उघडीच. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीवरून थेट तिकडे जातं, पट्ट्यांची गादी स्पंजासारखी पाणी पिते आणि शिवणीतून ते आत उतरतं. गडमाथ्यावर खालून वर येणारा वारा असला तर कव्हर फुगून उडून जातं. आंबोलीत बेडूक शोधत रात्री तीन-चार तास पावसात उभं राहायचं असतं, तिथे कव्हरच्या भरवशावर लेन्स ठेवणं मला जमत नाही. जुने ट्रेकर करतात तेच करा: सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी किंवा तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग, तिच्यात इन्सर्ट. सॅक भिजेना का, आतलं कोरडं राहतं. चेनवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असलं तरी ती शिंतोड्यांपुरती. सह्याद्रीचा पाऊस आडवा येतो.

पाण्याची बाटली बाहेरच्याच कप्प्यात ठेवा. बाहेरच्या पावसाला आपण जपतो आणि आतली बाटली गळते.

सह्यभटक (पुणे)
+१. कोकणकडा यांचा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर लावून ठेवावा.

वाघोबा (नागपूर)
तुमचं सगळं खरं हाय भाऊ, पण ताडोब्याच्या जिप्सीत सॅकचा काय उपयोग ते सांगा. जिप्सीत बसल्यावर लेन्स बॉडीला लावलेली आणि मांडीवर. सॅक पायाशी, आणि समोरची गाडी गेली की सगळी धूळ तिच्यात. मी तर आत जाताना सॅक गेस्ट हाउसवरच ठेवतो. लेन्स टेकवायला एक बीन बॅग, कॅमेऱ्यावर टाकायला जुनी उशीची खोळ, कमरेला छोटा पाउच, त्यात कार्ड अन् बॅटरी. झालं काम. वाघ काही तुमची सॅक बघायला येत नाही बाप्पा.

रंगाचं मात्र ध्यानात ठेवा. पक्ष्यांसाठी लपणात बसायचं असेल तर भडक निळी-लाल नको, मातकट किंवा शेवाळी बरी. काळी सॅक मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात ठेवून बघा, आतली चॉकलेटं प्यायला मिळतील. आणि लष्करी छापाचं कापड घेऊ नका. २०२२ मध्ये लष्कराचा नवा डिजिटल छापाचा गणवेश आला, त्या कापडाची खुल्या बाजारात विक्री चालत नाही. तसल्या छापाची सॅक पाहून कुणी नाक्यावर हटकलं तर सकाळची फेरी गेली म्हणून समजा.

गच्ची
इन्सर्टची कल्पना सगळ्यांनी उचलून धरली आहे, पण मी सहमत नाही. ट्रेकिंगच्या सॅकचं तोंड वर असतं. इन्सर्ट तळाशी टाकला की कॅमेरा काढायला आधी रेनकोट, डबा, टॉवेल सगळं बाहेर. वर ठेवला तर वजन डोक्याशी येतं आणि तोल जातो. मग फोटोच काढले जात नाहीत. अशाने महिनोन्महिने सॅकमध्येच राहिलेले कॅमेरे मी पाहिले आहेत. कॅमेऱ्यासाठी म्हणून केलेली सॅक महाग असते, कारण चौकट, गादी आणि तोंड यांचा एकत्र विचार केलेला असतो.

रानजाई (सातारा)
गच्ची, समोरून चेनने पूर्ण उघडणाऱ्या ट्रेकिंगच्या सॅकही मिळतात. तसली घेतली की तुमची तक्रार निम्मी संपते. आणि चालताना कॅमेरा सॅकमध्ये ठेवायचाच कशाला? खांदापट्ट्यावर बसणारी क्लिप मिळते, बॉडी आणि छोटी लेन्स तिच्यावर. सॅकमध्ये फक्त जे तासभर लागणार नाही ते.

गच्ची
समोरून उघडणारी असेल तर माझा अर्धा विरोध मागे. क्लिपवर २००-६०० लटकवून दाखवा, उरलेलाही मागे घेईन.

पाऊलखुणा
अवांतर: माकडांचं कुणीच बोललं नाही. किल्ल्यावर आणि महाबळेश्वरला त्यांना चेन उघडता येते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकाने बाजूचा कप्पा उघडून वडापावची पुडी घेतली आणि शेजारची लेन्स सभ्यपणे बाहेर ठेवली. खाण्याचा आणि लेन्सचा कप्पा वेगळा ठेवा.

उडाणटप्पू (बंगळुरू)
विमानप्रवासाबद्दल लिहितो, कारण दर महिन्याला घरी पुण्याला येतो. देशांतर्गत इकॉनॉमीत केबिनसाठी सहसा ७ किलो आणि ५५ x ३५ x २५ सेंमी धरून चालायचं. आडवाट्या, तुमची यंत्रं पावणेचार किलो. कॅमेऱ्याची भक्कम सॅक रिकामीच दोन-अडीच किलो भरते. म्हणजे चार्जर, लॅपटॉप टाकला की गेलं. म्हणून सॅक घेताना लिटर बघतात तसं तिचं रिकामं वजनही बघा. जास्तीच्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकता येत नाहीत, त्या केबिनमध्येच. सोनीची बॅटरी १६.४ वॉट-अवरची आहे, मर्यादा १०० ची, त्यामुळे काळजी नाही, फक्त टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी असावी.

एटीआरचं छोटं विमान असेल तर वरचे कप्पे उथळ असतात आणि फुगीर सॅक दारातच काढून घेतात. अशा वेळी इन्सर्ट उपयोगी पडतो. तो उचलून हातात घ्यायचा, रिकामी सॅक जाऊ द्यायची. गच्चीसाहेब, इन्सर्टच्या बाजूने एक मत माझं.

आणि हो, साध्या दिसण्याचा इथे फायदाच. फुगीर, चारी बाजूंनी पट्टे लोंबणाऱ्या सॅककडे काउंटरवरच्या माणसाचं लक्ष आधी जातं.

सुईदोरा
माझा व्यवसाय बॅगांचा, शिवणं आणि दुरुस्ती. काही गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही.

एक म्हणजे आतलं कोटिंग. नायलॉनच्या आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, पाणी अडवायला. आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. ते कण लेन्सवर बसतात. मुंबई-कोकणात बंद कपाटात ठेवलेली सॅक वापरातल्या सॅकपेक्षा लवकर अशी होते. पावसाळ्यातून आल्यावर इन्सर्ट, कप्प्यांच्या भिंती सगळं काढून पंख्याखाली वाळवायचं. आणि घरी सॅकमध्ये लेन्स साठवायच्या नाहीत. गादीत ओल राहते आणि काचेवर बुरशी धरते. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचं ड्राय कॅबिनेट घ्या, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.

दुसरं, कॅनव्हास. दिसायला फार देखणं, बातमीदार काकांच्या बॅगा मलाही आवडतात. पण मेण लावलेलं कॅनव्हास आपल्या पावसाळ्यात ओलं राहिलं की वास मारतं आणि डाग पडतात. शहरात वापरा, गडावर नको.

तिसरं, घेताना खांदापट्टा जिथे सॅकला जोडला आहे ती जागा उलटून बघा. टाके उलटसुलट, चौकटीत फुली मारल्यासारखे हवेत, आणि पट्टी शिवणीच्या आत खोलवर गेलेली हवी. तुमच्या जुन्या सॅकची शिवण तिथेच गेली असणार. चेनची नावं बघतात लोक, पण चेनपेक्षा रनर आधी झिजतो. रनर बदलून मिळतो, त्यासाठी सॅक टाकू नका.

भंडारा
सुईदोरा, जेजुरीवरून आल्यावर चेन अडकते त्यावर उपाय सांगा ना. सोमवतीला भंडारा उधळतात तो पिठासारखा बारीक, सगळ्या दातांत बसतो. विसर्जनाच्या गुलालाचंही तेच.

सुईदोरा
आधी कोरड्या ब्रशने झाडा, जुना टूथब्रश चालतो. पाणी लावू नका, हळद बसते. मग दातांवरून साधी मेणबत्ती फिरवा आणि रनर चार वेळा पुढेमागे करा. तेल मुळीच नको, धूळ धरतं. तिथे उलट्या तोंडाच्या चेनची सॅक न्या, म्हणजे दात आत आणि कापड बाहेर.

आडवाट्या (डोंबिवली)
काल फोर्टात बोरा बाजारात जाऊन आलो. रानजाईताईंचा आणि सुईदोरांचा प्रतिसाद फोनवर उघडून ठेवला होता. सगळं सामान बरोबर नेलं आणि प्रत्येक सॅकमध्ये भरून दुकानात चार जिने चढून-उतरून पाहिलं. दुकानदाराने कौतुकाने चहा दिला.

ज्या सॅक फोटोत सगळ्यात सुबक वाटत होत्या त्यांतल्या दोन पाठीवर बसल्याच नाहीत. माझं धड ४६ सेंमी, त्या आखूड. आता मन एका समोरून उघडणाऱ्या, शेवाळी रंगाच्या ट्रेकिंग सॅकवर आहे. पाठीची लांबी बदलते, नाव कापडाच्याच रंगात शिवलंय, रिकामं वजन दीड किलो. आत इन्सर्ट आणि ड्राय बॅग. शनिवारसाठी बातमीदार काकांचं ऐकून शबनम. दिसण्याच्या बाबतीत मी अजून ठाम आहे, फक्त क्रम बदलला. आधी पाठ, मग तोंड कुठून उघडतं, मग रूप.

एक शंका उरली. कंबरपट्टा रुंद आहे, तो लोकलमध्ये दोन्हीकडे पंखांसारखा पसरतो. काढता येत नाही. काय करावं?

लोकलकर
मागच्या बाजूने वळवून सॅकभोवती उलटा आवळा आणि बकल लावा. नाही अडकत कुणाला.

चौघडा (कोल्हापूर)
आणि जुनी सॅक टाकू नका. सुईदोरांकडून पट्टा शिवून घ्या, लग्नात चार्जर-केबलींना उपयोगी पडते. भगवी पट्टी मी पाठवतो.

सुईदोरा
पट्ट्याच्या जोडाचा फोटो टाका. आतलं कोटिंग सुटलेलं नसेल तर शिवून मिळेल. सुटलं असेल तर त्यात केबलीच ठेवा, लेन्स नको.